मजल्याचा नंबर

आमच्या तिसऱ्या मजल्यावर वीस खोल्या आणि फोन नंबर एकच, तो माझा. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं फुशारकीनं सांगत आले, हे आधीच कबूल करून टाकते. पुढचं समजायला ते बरं पडेल.

माझे मिस्टर गंगाधर टेलिफोन खात्यात लाइनमन होते. डिलाईल रोडच्या या चाळीत लोक अर्ज करून वर्षं वर्षं वाट बघत होते, तेव्हा आमच्या खोलीत काळा फोन येऊन बसला. मग मजल्यावरच्या कुणाचा नोकरीचा अर्ज असो, मुलीच्या स्थळाची माहिती असो, त्यावर आमचाच नंबर आणि पुढे ‘पीपी’ ही दोन अक्षरं. फोन शेजाऱ्यांकडे आहे, ते बोलावून देतील, असा त्याचा अर्थ. गावाकडची मयत, मुलगी बघायला येणारी माणसं, गिरणीतला निरोप, सगळं आधी माझ्या कानात पडायचं. मला आवाजाचा कान होता. समोरच्यानं ‘हॅलो’ म्हटलं की मी सांगायचे, “मालनचा कणकवलीचा दीर ना तू? थांब, बोलावते.” समोरचा थक्क व्हायचा आणि मला दिवसभर बरं वाटायचं.

काळा फोन गेला, गंगाधर गेले, मुलगा अभय बदलापूरला राहायला गेला. मोबाईल घरोघरी आले, तरी नंबर माझाच चालू राहिला. बाकीच्यांची सिमं ऑफर बघून बदलतात, रिचार्ज संपला की बंद पडतात. माझा नंबर सतरा वर्षं एकच. त्यामुळे गॅस असो, रेशन असो, शाळेचं अ‍ॅप असो, फॉर्मवर मोबाईल नंबराचा रकाना आला की लोक माझाच देऊन मोकळे. ओटीपी आला की मी गॅलरीत उभी राहून ओरडायची, “कांता, श्रेयाच्या शाळेचा आलाय, चार सात दोन नऊ.” ओटीपी गॅलरीतून ओरडून सांगणारी अख्ख्या मुंबईत मी एकटीच असेन.

आणखी एक. मी चाळीतच तळमजल्यावर बालवाडी चालवायची. मुलांना अआइईच्या आधी मी हा नंबर शिकवायची, चालीवर, टाळ्या वाजवून. हरवलास तर पोलीसकाकांना काय सांगायचं? दहा आकडे. त्या बालवाडीतून गेलेलं प्रत्येक पोर तो नंबर झोपेतही म्हणून दाखवेल. दीपिका तीन वर्षांची असताना शिकली होती.

दीपिका आमच्या मजल्यावरच्या प्रितीची मुलगी, माझ्यापासून दोन खोल्या सोडून राहणारी. तिचे पप्पा जगदीश ती आठवीत असताना गेले. सतरा दिवस सरकारी वॉर्डात होते, आणि त्या वॉर्डात एक सिस्टर होत्या, त्यांनी या पोरीला सलाईनचे थेंब कसे मोजतात ते शिकवलं होतं. तेव्हापासून हिच्या डोक्यात एकच, नर्स व्हायचं. प्रिती करी रोडच्या एका टॉवरमध्ये हाउसकीपिंगला आहे. तिथे कामावर असताना मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. संध्याकाळी सुटेपर्यंत तिला कुणी मेलं तरी कळवता येत नाही.

पहिल्या वर्षी दीपिकाचे प्रवेश परीक्षेत थोडे मार्क कमी पडले. दुसऱ्या वर्षी ती खाली मंडळाच्या अभ्यासिकेत बसली, बाबासाहेबांच्या फोटोखाली, खिडकीलगतच्या बाकावर, कारण रेंज फक्त तिथेच येते. क्लास लावायची ऐपत नव्हती. मोबाईलवरचे फुकटचे व्हिडिओ बघून शिकली. काच तडकलेली होती, त्यामुळे आकृतीतलं हृदय तिला दोन तुकड्यांत दिसायचं, असं तीच हसून सांगायची. प्रितीनं तिला स्पष्ट सांगितलं होतं, “ह्या वर्षी नाही झालं तर कामाला लाग, दीपा. माझी कंबर आता नाही चालत.” पोरगी बरं म्हणाली होती.

आणि शेवटच्या फेरीत नंबर लागला. बी.एस्सी. नर्सिंग, सरकारी कॉलेज, हॉस्टेलसकट. मजल्यावर पेढे वाटले. आता एवढंच बाकी होतं की ठरल्या दिवशी कॉलेजात जाऊन कागद दाखवायचे आणि पोर्टलवर जागा स्वीकारायची. स्वीकारताना नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येणार. नोंदवलेला मोबाईल माझा. एकदा फॉर्म भरला की नंबर बदलता येत नव्हता, आणि बदलावा असं कुणाच्या मनातही नव्हतं.

आता आमच्याच मजल्यावरच्या मालनचं सांगते. या प्रवेशाच्या दिवसाच्या दोन आठवडे आधी तिला कुणीतरी फोनवरून फसवलं. भाच्याच्या आवाजात रडून सांगितलं, अपघात झालाय, पैसे पाठव. तिनं पाठवले. मी तिला चारचौघींत हसले.

“मालन, अगं सख्ख्या भाच्याचा आवाज तुला कळला नाही?”

“कळलो म्हणान तर दिलंय गे,” ती म्हणाली. “आवाज तेचोच होतो.”

मला ते पटलं नव्हतं. माझ्या कानाला कुणी फसवून दाखवावं, असं मी तिला म्हणालेसुद्धा.

ते ऐकल्यासारखंच एका संस्थेनं अभ्यासिकेत शिबिर ठेवलं, मोबाईलवरच्या फसवणुकीपासून सावध कसं राहायचं याचं. हितेंद्र नावाचा मुलगा शिकवायला आला होता. गुणी मुलगा, सगळ्यांना काकी काकी करणारा. त्यानं मला पुढे बोलावलं आणि लॅपटॉपसमोर काहीही बोला म्हणाला. मी नाव सांगितलं, बालवाडीचं थोडं सांगितलं. त्यानं काही बटणं दाबली. मग लॅपटॉपमधून मी बोलले, “अभय, मी पडलेय रे. हॉस्पिटलात आहे. लगेच पैसे पाठव.”

बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. मला घाम फुटला. तो माझाच आवाज होता, वाक्याच्या शेवटी दम लागतो तोसुद्धा. मी जन्मात न बोललेलं वाक्य मी बोलत होते. ज्या कानावर मी आयुष्यभर मिरवले तो कान त्या अर्ध्या मिनिटात निकामी झाला, असं मला वाटलं, आणि ते कुणाला सांगायची लाज वाटली.

हितेंद्रनं नियम लिहून दिले. अनोळखी नंबरवरून ओळखीचा आवाज आला तर सावध. ते रडतील. वेळ नाही म्हणतील. तुमची सगळी माहिती त्यांच्याकडे असेल, कारण फॉर्म कुठून कुठे फुटतात सांगता येत नाही. मग कुणी साहेब फोनवर येईल. व्हिडिओवर चेहराही खोटा दाखवतील. फोन कापा. त्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. तो बंद लागला तर समजा शंभर टक्के फसवणूक. अर्धा तास मोबाईल बंद करून ठेवा. शेवटी त्यानं मला ‘सायबर सखी’ असा बिल्ला लावला. नियमांचा कागद मी कपाटाला चिकटवला आणि बिल्ला दुसऱ्या दिवशीही काढला नाही.

प्रवेशाच्या दिवशी सकाळी दीपिका दारात आली. नवा ड्रेस, हातात फाईल.

“जयभीम आजी. आज मोबाईल चार्ज करून जवळ ठेव हां. अकरापर्यंत ओटीपी येईल. मी माझ्या फोनवरून कॉल करते.”

“जा बिनधास्त,” मी म्हटलं. “मी काय पहिल्यांदा ओटीपी बघतेय?”

अकरा वाजले, बारा वाजले. मोबाईल मांडीवर घेऊन जेवले. दोन वाजता तिला फोन लावला, उचलला नाही. वाटलं, रांगेत असेल. दुपारची झोपलेसुद्धा नाही.

चार अडतीसला मेसेज आला. सहा आकडे, आणि खाली, ‘हा ओटीपी कुणालाही सांगू नका.’ पाठोपाठ फोन वाजला. मी चष्मा न लावताच उचलला.

“हॅलो.”

“बोल गं दीपे,” मी म्हटलं.

“आजी, ओटीपी आला ना? सांग लवकर.”

आकडे वाचायला म्हणून चष्मा लावला आणि मोबाईल डोळ्यांसमोर धरला, तेव्हा वर अनोळखी नंबर दिसला.

“हा कुणाचा नंबर?”

“इथल्या क्लार्कचा. माझी बॅटरी डेड झाली. सकाळपासून सर्व्हर डाऊन होता, आत्ता चालू झालाय. पाचला बंद करणारेत. सांग ना आजी, टाइम नाहीये.”

वेळ नाही. माझी नजर कपाटावरच्या कागदाकडे गेली.

“तू दीपिकाच कशावरून?”

“काय बोलतेयस तू?”

“तुझ्या आवाजात आजकाल कुणीही बोलेल. पप्पा तुला काय हाक मारायचे, सांग.”

ती रडायला लागली. “आजी प्लीज, तो दहा मिनिटांत एक्स्पायर होतो. प्लीज.”

रडतील, असंही कागदावर होतं. मी फोन कापला. नियमाप्रमाणे दीपिकाच्या नंबरवर लावला. स्विच ऑफ. शंभर टक्के.

पुन्हा तोच नंबर. आता पुरुषाचा आवाज. “मॅडम, मी कॉलेजमधून बोलतोय. मुलगी समोर उभी आहे. ओटीपी द्या, नाहीतर सीट जाईल.”

साहेबही आला. मला खरं सांगायचं तर भीती वाटली नव्हती. आनंद झाला होता. शिकवलेलं सगळं ओळीनं समोर येत होतं आणि मी एकाही ठिकाणी चुकत नव्हते.

“मी ट्रेनिंग घेतलेली बाई आहे,” मी म्हटलं. “परत फोन केलात तर पोलिसात देईन.” आणि मोबाईल बंद केला. घड्याळ लावून अर्धा तास बंद ठेवला. मध्ये चहा केला, साखर जास्त घालून.

सव्वापाचला चालू केला तर एकही फोन नाही. दीपिकाचा खरा फोन कसा आला नाही, हे मनात आलं. मी ते लगेच झटकलं. म्हटलं, झालं असेल तिचं दुसऱ्या कुठल्या मार्गानं.

साडेसहाच्या सुमारास गॅलरीत बायका जमल्या. मालन होती, कांता होती, पलीकडच्या दोघीतिघी. मी बिल्ल्यासकट उभी राहून सगळा प्रसंग करून दाखवला. आवाज काढणं मला छान जमतं. नाक ओढत, हुंदका देत मी दीपिकाची नक्कल केली, “आजी प्लीज, आजी प्लीज, टाइम नाहीये.” कांता हसून वाकली. मी मालनकडे बघून म्हटलं, “बघ, असं असतं. आपण नाही फसलो.”

मालन हसत नव्हती. ती माझ्या पाठीमागे बघत होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर दीपिका उभी होती. फाईल छातीशी धरलेली, ड्रेस घामानं पाठीला चिकटलेला. किती वेळ उभी होती ते मला आजही माहीत नाही, पण नक्कल तिनं ऐकली होती.

“माझी सीट गेली, आजी,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. “तुझ्याकडे पाठवायला दुसऱ्या कुणाचाच नंबर पाठ नव्हता. आईचा होता, पण तो लॉकरमध्ये. तुझा तेवढा पाठ होता.”

मी कठडा धरला.

“माझा आवाज तुला ओळखू नाही आला?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “नाही गं. अजिबात नाही. वेगळाच वाटला.”

दीपिकानं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि घरात गेली.

प्रिती कामावरून आली तेव्हा मी तिच्या दारातच बसले होते. मला वाटलं होतं, ती मला चार शिव्या देईल, झिंज्या धरेल. तेवढं तरी करायला हवं होतं तिनं. तिनं सगळं ऐकलं, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, “मावशी, तू तरी काय करणार, आवाजच कळला नाही तर.” त्या वाक्यानं मला जे झालं ते शिव्यांनी झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी कॉलेजात गेलो. काउंटरवर मी बोलायला तोंड उघडलं आणि क्लार्कनं मान वर केली. “तुम्हीच का त्या, पोलिसात देणाऱ्या?” त्यानं माझा आवाज एका वाक्यात ओळखला. चिडला नाही. स्क्रीन आमच्याकडे वळवली. दीपिकाच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘उमेदवाराने जागा स्वीकारली नाही.’ पाच वाजून एक मिनिटानं जागा आपोआप पुढच्या नंबराला गेली होती. आतल्या मॅडमना भेटलो. त्या भल्या होत्या, पाणी दिलं, म्हणाल्या, “मुलगी इथेच उभी होती, हे मी स्वतः पाहिलंय. पण पोर्टलला ते सांगायचं कसं? आमच्या हातात काही ठेवलेलं नाही. तुम्ही ऑनलाइन तक्रार टाका.”

टाकली. ती टाकायलाही ओटीपी लागला. तो या वेळी मी तिथल्या तिथे वाचून दाखवला, आणि दीपिकानं माझ्याकडे न बघता तो भरला. चार दिवसांनी माझ्या मोबाईलवर उत्तर आलं की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आपला अनुभव कसा होता ते सांगा. खाली पाच चांदण्या दिल्या होत्या, दाबायला.

मी हितेंद्रलाही फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काकी, तुम्ही नियमाप्रमाणेच वागलात.” त्याचा काही दोष नव्हता. मी बिल्ला कपाटात टाकला. नियमांचा कागद ओढला तर अर्धा फाटून कपाटालाच राहिला. तो अजून तिथेच आहे.

मजल्यावर माझ्याशी कुणी भांडलं नाही. लोकांनी फक्त नंबर बदलले. कांता म्हणाली, “आजी, तुम्हाला उगाच त्रास नको.” श्रेयाच्या शाळेचे मेसेज आता तिच्याच मोबाईलवर येतात. गॅसचे गेले, रेशनचे गेले. एके दिवशी खालच्या अंगणात एक लहान पोर आपल्या आईचा नंबर चालीवर म्हणत होतं. चाल माझीच होती. मी गॅलरीतून ऐकलं आणि आत आले.

दीपिका पुढच्याच महिन्यात कामाला लागली. करी रोडच्या पुलाजवळ एक गोदाम आहे, दहा मिनिटांत घरी सामान पोचवतात त्यांचं. तिथे ती पिशव्या भरते. हातात एक यंत्र असतं, वस्तू दाखवली की पीं करतं, आणि उशीर झाला की लांब पीं करतं. हे मला प्रितीनं सांगितलं. दीपिका जाता-येता “जयभीम आजी” म्हणते, पूर्वीसारखंच. त्याच्या पुढे एक शब्द नाही.

मी सात महिने ते पोटात ठेवलं. रोज ठरवायची, आज सांगेन. काल ती चारच्या सुमारास कामावरून आली. गॅलरीत दुसरं कुणी नव्हतं. मी खुर्चीतून उठले आणि तिच्या दाराशी गेले.

“दीपे, मी त्या दिवशी खोटं बोलले. सगळ्यांसमोर लाज वाटली म्हणून. तुझा आवाज मी ओळखला होता. पहिल्या हॅलोला ओळखला होता. आणि तरी त्या कागदावर विश्वास ठेवला.”

ती वाकून चपलेचा पट्टा सोडवत होती. तशीच वाकून म्हणाली, “माहितीय.”

“कसं?”

“मी हॅलो म्हटलं, आणि तू म्हणालीस, बोल गं दीपे. मी नाव सांगितलंच नव्हतं, आजी.”

ती सरळ झाली, चप्पल जोडीनं भिंतीशी लावली. आत स्टोव्हचा आवाज येत होता, प्रितीला काल सुट्टी होती. दीपिकानं आत एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“आईला मात्र सांगू नकोस,” ती म्हणाली. “तिला अजून वाटतंय, तुला खरंच कळलं नव्हतं.”

मग ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.